चारच पिसांची शेपटी

पक्षी : मार्व्हलस स्पॅट्युलटेल, हमिंगबर्डची अतिशय दुर्मीळ जात.

ठिकाण : फक्त उत्तर पेरूतील अँडीज पर्वत, प्रामुख्याने उत्कुबांबा नदीचे खोरे, उंची सुमारे २,१०० ते २,९०० मीटर.

ओळख : नराच्या शेपटीत चारच पिसे. त्यांतली दोन लांबलचक, एकमेकांना छेदणारी, टोकाला निळ्या-जांभळ्या चकत्या. मादीसमोर नाचताना नर त्या चकत्या झुलवतो.

धोका : जंगलतोड. हृदय कामोत्तेजक असल्याच्या समजुतीतून गलोलीने शिकारही होत आली आहे.

फोटोसाठी : पोमाकोचास गावाजवळचे ऊएम्बो अभयारण्य गाठा. स्थानिक वाटाड्या सोबत घ्या. त्याच्या रोजगारातून जंगलही राखले जाते. शटरचा वेग जास्त ठेवा, फ्लॅश टाळा आणि घरट्यापासून दूरच राहा. फोटोपेक्षा पक्षी मोलाचा.