पैसे दिले की दारूतच जाणार!
(मदतीचे मानकरी : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात रेशनच्या धान्याऐवजी रोख रक्कम द्यावी का, या वादापाशी आपण थांबलो होतो. रोख रकमेच्या विरोधातलं हुकमी वाक्य सगळ्यांना पाठ आहे : पैसे दिले की दारूतच जाणार. हे म्हणणारा दर वेळी दुष्टच असतो असं नाही. पगाराच्या दिवशी नवऱ्याला गुत्त्यावरून हाताला धरून घरी आणणारी बाईही हेच म्हणते. पण ती एका माणसाबद्दल बोलत असते, आणि तो माणूस तिच्या चांगल्या ओळखीचा असतो. तेच वाक्य दिवाणखान्यात गरिबांच्या अख्ख्या जमातीला लागू होतं आणि पुढे सरकारी फायलीत जाऊन बसतं.

फायलीतला हा संशय महाराष्ट्रात सगळ्यात महागात पडतो तो आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या बायकोला. नापिकी, कर्जबाजारीपणा आणि परतफेडीचा तगादा, या कारणांनी शेतकऱ्यानं जीव दिला तर २००६ च्या शासन निर्णयानुसार वारसांना १ लाख रुपये मिळतात. काही रक्कम हातात येते, बाकीची ठेव म्हणून ठेवली जाते. त्यासाठी पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, थकबाकीचा दाखला अशी चळत जमवावी लागते. कर्जही बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. पाहुण्याकडून हातउसने घेतलेले पैसे मोजणीत येत नाहीत. तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत फिरून प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातं आणि त्यावर दोनांपैकी एक शेरा पडतो, पात्र किंवा अपात्र. चौकशीत कुणी ‘मयतास दारूचे व्यसन होते’ असं सांगितलं आणि ते कागदावर चढलं, की अपात्रतेकडे जायला फार वेळ लागत नाही.

सांगणारा बहुतेक खरंच सांगत असतो. तो पीत होता. पण कधीपासून, हे त्या रकान्यात लिहायला जागा नसते. दोन हंगाम बुडाल्यावर पिणं वाढलं, की पिण्यापायी पेरणी चुकली, की दोन्ही एकमेकांना ओढत गेली? वर्षानुवर्षं शेजारी राहिलेल्यालाही याचं उत्तर छातीठोकपणे देता येणार नाही, समिती तर कागदावरून ठरवते. दारूच्या आहारी गेलेल्यांमध्ये आत्महत्येचा धोका जास्त असतो, ही मानसोपचारातली जुनी माहिती आहे. म्हणजे डॉक्टरांच्या लेखी जी जोखीम वाढवणारी गोष्ट, ती सरकारच्या लेखी मदत नाकारण्याचं कारण. समितीची अडचण मला कळते. दार सताड उघडं ठेवलं तर घरातलं कुठलंही भांडण नापिकीच्या खात्यावर टाकलं जाईल, ही त्यांची भीती पोकळ नाही. तरी हिशेब साधा आहे. पिणारा गेला. आता ज्याची चौकशी चालू आहे तो गुन्हा असलाच तर त्याचा होता, आणि दंड भरतेय ती. तिनं थेंबही घेतलेला नाही. उलट त्या दारूचा मार बहुधा तिनंच खाल्लेला आहे.

संशय खरा की खोटा, हे अमेरिकेत फ्लोरिडा राज्यानं एकदा पैसे खर्चून तपासून पाहिलं. गव्हर्नर रिक स्कॉट यांनी २०११ मध्ये कायदा आणला : गरीब कुटुंबांसाठीची रोख मदत हवी असेल तर आधी अमली पदार्थांची चाचणी द्या, तीही पदरच्या पैशानं. निर्दोष ठरलात तर खर्च परत. जुलै ते ऑक्टोबर एवढाच काळ ते चाललं. ४,०८६ जणांची चाचणी झाली, त्यांत दोषी निघाले १०८. शंभरात तीनसुद्धा नाहीत, आणि त्यांतलेही बहुतेक गांजा ओढणारे. निर्दोष निघालेल्यांना सरकारला १ लाख १८ हजार डॉलर परत करावे लागले. नौदलात नोकरी केलेल्या, लहान मुलाला एकट्यानं सांभाळत शिकणाऱ्या एका तरुणानं चाचणी द्यायला नकार दिला आणि तो न्यायालयात गेला. कसलाही ठोस संशय नसताना केवळ गरीब आहे म्हणून नागरिकाची झडती घेणं घटनेत बसत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. २०१४ मध्ये अपिलातही तेच कायम झालं. गृहकर्जावर करसवलत घेणाऱ्यांची अशी चाचणी करण्याचा कायदा तिथे आला नाही. आपल्याकडेही येणार नाही.

त्याच २०१४ साली जागतिक बँकेतल्या डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशियातले १९ अभ्यास एकत्र करून रोख मदतीनं दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो का, ते पाहिलं. वाढ जवळपास कुठेच नव्हती. सरासरी काढली तर खर्च किंचित कमीच झालेला. त्याआधी मध्य प्रदेशातल्या काही गावांत ‘सेवा’ संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं प्रयोग केला होता. वर्षभराहून अधिक काळ गावातल्या प्रत्येकाला दरमहा थोडी रक्कम, अट कोणतीही नाही. तिथेही दारू वाढल्याचं दिसलं नाही.

अर्थात सरासरी म्हणजे प्रत्येक घर नव्हे. ज्याला सकाळी हात थरथरतात म्हणून पहिला पेला लागतो, तो हाती येईल तो पैसा गुत्त्यावर नेणारच. तोच तर त्याचा आजार आहे. म्हणून पैसे कुणाच्या हाती द्यायचे याला महत्त्व येतं. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात जातात, ही त्या योजनेतली मला सगळ्यात शहाणपणाची वाटलेली गोष्ट. बँकेतून आल्यावर पैसे कुठे लपवायचे हा प्रश्न उरतोच, पण निदान ते आलेत हे आधी तिला कळतं.

आणि या योजनेला पैसा लागतो, तो कुठून येतो? जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं आणि वर्षाला १४,००० कोटींची जादा भर अपेक्षित धरली. लाडक्या बहिणींमुळे तिजोरीवर आलेल्या ताणाशी वर्तमानपत्रांनी तेव्हा त्याचा संबंध जोडलाच. पैसे दारूत जाण्याची आपल्याला धास्ती. इथे तर दारूतले पैसे सरकारात येतात, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

आलेल्या पैशातून पिणाऱ्याच्या उपचाराला किती जातो, ते विचारायला हवं. दिल्लीच्या ‘एम्स’नं केंद्र सरकारसाठी केलेली राष्ट्रीय पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे २ कोटी ९० लाख लोक दारूवर पूर्ण अवलंबून आहेत. अशा ३८ जणांमागे एकाला कसला तरी उपचार मिळतो, आणि १८० जणांमागे एकाला दाखल होऊन. पुण्याचं ‘मुक्तांगण’ १९८६ मध्ये उभं राहिलं ते डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांच्या ध्यासातून आणि पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या देणगीतून. महाराष्ट्राला त्याचं कौतुक आहे आणि असावंच. पण एखादं गाव तालुक्यापासून तीस किलोमीटर आत असेल, तर तिथल्या बाईनं नवऱ्याला महिनाभर पुण्याला ठेवायचं म्हणजे महिन्याची मजुरी बुडवायची, वर एसटीचं भाडं. शिवाय सुटलेली दारू पुन्हा सुरू होते, बऱ्याचदा होते. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली तर त्याला कुणी दवाखान्यातून हाकलत नाही. इथे मात्र दुसऱ्यांदा नेलं की नातेवाईकच म्हणतात, याच्यावर आता दमडी घालवू नका.

नातेवाइकांचं सोडा, विमा कंपनीही तेच म्हणते. आरोग्यविम्याची पॉलिसी घरात असेल तर मागच्या पानांवरची वगळलेल्या गोष्टींची यादी काढून पाहा. विमा नियामकानं ठरवून दिलेल्या त्या यादीत बाराव्या क्रमांकावर दारू, अमली पदार्थ वा कुठल्याही व्यसनावरचा उपचार आणि त्याचे परिणाम आहेत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मात्र दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजारांत धरतो, आणि मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच विमासंरक्षण द्यावं, असं कलम २१ मध्ये सांगतो. एकाच देशात दोन्ही कागद एकाच वेळी लागू आहेत. रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला त्यांतला पहिलाच दाखवला जातो.

(पुढील लेखांकात : गडचिरोलीची दारूबंदी टिकली, चंद्रपूरची २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली, ती का?)