कमी ऐकू येतं? लपवू नका, दाखला काढा

मुलाला कमी ऐकू येतं हे आपल्या घरांत सहसा लपवलं जातं. मुलगी असेल तर विचारूच नका, रिश्ता जमणार नाही ही धास्ती! पण या लपवाछपवीत हक्काची नोकरी हातची जाते, हे आम्ही स्पष्टच सांगतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत. त्यातला 1 टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांचा. मात्र दाखल्यावर किमान 40 टक्के दिव्यांगत्व हवं. त्यासाठी सरकारी रुग्णालयात दोन्ही कान तपासून घ्या. यूडीआयडी कार्डाचा अर्ज ऑनलाइन भरता येतो.

सरकारी नोकरीत असतानाच कान गेले तर? घाबरून राजीनामा लिहून देऊ नका. कलम 20 प्रमाणे त्या कारणाने काढता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं.

खासगीत मात्र काम पाहूनच निवडा. दिवसभर फोन उचलायचा असेल तर दमछाक होणार. हिशेब, डेटा एंट्री, शिवण, डिझाइन बरं. आणि मुलाखतीत न ऐकताच मान हलवू नका. "समोर बघून बोला, काम व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा," असं पहिल्याच दिवशी सांगून टाका.