किडनीतला वण: पेशींबाहेरच्या जाळ्याची गोष्ट

गुडघा फुटला की खपली धरते, ती पडते आणि मागे एक वण राहतो. त्वचेवर त्याने फारसं बिघडत नाही. किडनीत मात्र जागा मोजकी असते. एका किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे एक गाळणी आणि तिला जोडलेली नलिका. जन्मानंतर नवे नेफ्रॉन तयार होत नाहीत, त्यामुळे गेलेल्या नेफ्रॉनच्या जागी उरतो तो वणच. सुरुवात मधुमेहाने होवो वा रक्तदाबाने, दुखणं लांबलं की सूक्ष्मदर्शकाखाली बरंचसं सारखंच चित्र दिसतं: नलिका सुकलेल्या, मधल्या जागेत तंतूच तंतू. याला फायब्रोसिस म्हणतात.

हे तंतू आले कुठून? आपल्या पेशींभोवती त्यांनीच विणलेलं प्रथिनांचं आणि शर्करेच्या साखळ्यांचं जाळं असतं, ते म्हणजे एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स. निरोगी किडनीत गाळणीचा पातळ पडदा मुख्यतः चौथ्या प्रकारच्या कोलॅजनचा आणि लॅमिनिनचा असतो. या कोलॅजनच्या जनुकात दोष असेल तर अल्पोर्ट सिंड्रोम होतो. त्यात लघवीतून रक्त जातं आणि अनेकांना ऐकूही कमी येतं, कारण आतल्या कानातही तेच कोलॅजन असतं. वणात मात्र पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजनचे जाड दोर आणि फायब्रोनेक्टिन भरलेलं असतं.

हे विणतात मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी. त्यांना कामाला लावणारा मुख्य निरोप्या म्हणजे टीजीएफ-बीटा. गंमत अशी की हा निरोप्या मॅट्रिक्समध्येच निष्क्रिय स्थितीत बांधून ठेवलेला असतो. पेशींनी जाळं ओढलं की तो सुटतो. जाळं मऊ असेल तर ते ओढीबरोबर सरकतं आणि तो सहजी सुटत नाही. कडक असेल तर सुटतो. मग आणखी कोलॅजन तयार होतं, लायसिल ऑक्सिडेज हे विकर त्याला टाके घालतं, जाळं आणखी कडक होतं. गळती थांबवायला बोलावलेल्या गवंड्याने खोलीच गिलाव्याने भरून टाकावी, तसं. (प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकच्या ताटल्या इतक्या कडक असतात की काहीही न करता त्यावर या पेशी वण विणायच्या तयारीला लागतात. आमची अर्धी डोकेदुखी तीच.)

मॅट्रिक्समधले सगळेच रेणू आगीत तेल ओतत नाहीत. डेकोरिन टीजीएफ-बीटाला धरून ठेवतं. १९९२ साली बॉर्डर, रुओस्लाहती आणि सहकाऱ्यांनी किडनीला सूज आणलेल्या उंदरांना डेकोरिन दिलं, तेव्हा मॅट्रिक्स कमी साचलं. वाटलं, औषध सापडलं! पण मधुमेही रुग्णांना टीजीएफ-बीटा१ विरोधी अँटिबॉडी देऊन पाहिली, तेव्हा किडनीची घसरण मंदावली नाही. २०१७ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मला यात फारसं आश्चर्य वाटत नाही. एक निरोप्या अडवला तरी आधीच विणून, टाके घालून ठेवलेलं जाळं तिथेच असतं. शिवाय टीजीएफ-बीटा शरीरात दाह आवरण्याचंही काम करतो.

मग वण कायमचाच का? १९९८ साली मिनेसोटाच्या गटाने पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या आठ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वादुपिंड बदलल्याने त्यांची साखर ताळ्यावर आली होती. पाच वर्षांनी बायोप्सी केली, तर गाळणीत काहीच सुधारणा नव्हती. दहा वर्षांनी पुन्हा केली, तेव्हा जाड झालेला पडदा पातळ होऊ लागला होता आणि साचलेलं मॅट्रिक्स उतरलं होतं. पूर्ण बुजलेली गाळणी परत येत नाही, पण अर्धवट भरलेली मोकळी होऊ शकते. त्याला वर्षं लागतात.

म्हणूनच लवकर कळणं महत्त्वाचं. घरून आई-बाबांचा रिपोर्ट येतो, आपण क्रिएटिनिन 'नॉर्मल' पाहून फोन बाजूला ठेवतो. पण निम्म्याच्या आसपास कार्यक्षमता जाईपर्यंत क्रिएटिनिन त्या मर्यादेत राहू शकतं. त्यांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि ईजीएफआर तपासलं का, तेही विचारा.