वादळानंतरचा कारभार

नया बाजारात राहणाऱ्या आपणा सर्वांस उन्हाळ्यातील आंधी परिचित आहे. पत्रे उडतात, फांद्या मोडतात, वीज जाते. परंतु वादळाने सारा जिल्हाच मोडून पडला, तर कारभार कोणी हाती घ्यावयाचा?

अमेरिकेत शहराचा महापौर आणीबाणी पुकारू शकतो. आपल्याकडे २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने हे काम जिल्हा प्राधिकरणाकडे दिले आहे. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष, तर स्थानिक संस्थेचा लोकनियुक्त प्रतिनिधी सहअध्यक्ष असतो. रहदारी रोखणे, ढिगारे उपसणे, साहित्य मिळविणे हे अधिकार प्राधिकरणास आहेत.

दिनांक ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नवे झाड फळास येण्यास कित्येक वर्षे लागतात. म्हणूनच पंचनाम्यातील एकेक नोंद मोलाची असते. नोंद राहिली, की साह्यही राहिले. कोकणात ती तलाठी करतो, आपल्याकडे पटवारी.

आदेश वरून येतो. परंतु शेजारच्या एकाकी म्हातारीचे पडलेले घर त्या कागदावर आले की नाही, हे पाहणे मात्र आपल्याच हाती असते.