हातापायाला मुंग्या येतात? मान ‘मोडून’ घेण्याआधी हे वाचा

मध्यरात्री हात बधिर होऊन जाग येते. हात झटकला की जरा बरं वाटतं. कुणाला कमरेतून निघालेली कळ थेट पोटरीपर्यंत जाते. अशात मोबाइलवर एखादं रील दिसतं. कायरोप्रॅक्टर मान फिरवतो, ‘कट्ट’ असा आवाज होतो आणि रुग्ण हसत उठतो. आपणही जाऊन यावं, असं वाटणं साहजिक आहे. पण आधी नस कुठे दुखावली आहे, ते समजून घ्या.

दुखणं एकीकडे, मूळ दुसरीकडे

अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर होत असतील, तर बहुधा मनगटात नस दाबली जात असते. करंगळीला मुंग्या येत असतील, तर कोपर तपासावं लागतं. मानेतून हातात उतरणारी कळ मानेच्या मणक्यांकडे बोट दाखवते, तर कमरेतून पायात जाणारी कळ सायटिकाची असू शकते. दोन्ही तळपाय सारखेच जळजळत असतील, तर मधुमेह किंवा बी १२ची कमतरता आहे का, ते रक्त तपासून पाहा. तिथे मणका मोडून उपयोग होत नाही.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे काय?

ही उपचारपद्धती अमेरिकेत डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये सुरू केली. यात मणक्यांच्या सांध्यांना हाताने झटका किंवा हलका दाब देतात. ‘कट्ट’ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, तो सांध्यातल्या द्रवात तयार होणाऱ्या वायूच्या बुडबुड्याचा असतो. कंबरदुखीत काहींना याने आराम पडतो, मात्र सोबत व्यायाम हवाच. सायटिकाचं दुखणं बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत आपोआपही कमी होतं. त्यामुळे सुरुवातीलाच वीस-पंचवीस सिटिंगचं पॅकेज घेण्याची घाई करू नका.

जाण्याआधी

• आधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्टकडून निदान करून घ्या.
• उपचार करणाऱ्याचं शिक्षण कुठे झालं, हे मोकळेपणाने विचारा.
• हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, कॅन्सर होऊन गेला असेल किंवा तुम्ही गरोदर असाल, तर आधीच सांगा.
• मानेला जोराचा झटका नको, असं तुम्ही स्पष्ट म्हणू शकता. अशा झटक्याने क्वचित मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो. म्हणूनच केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान मोडून घेण्याची सवयही सोडा.

इथे वेळ घालवू नका

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल उचलेनासं झालं, हातातली पकड झपाट्याने सुटू लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला किंवा तोंड वाकडं झालं, तर क्षणभरही थांबू नका.

आणि घरी आई किंवा सासूबाई ‘हाताला मुंग्या येतात गं’ म्हणाल्या, तर तेलाची बाटली आणण्याआधी एवढंच विचारा, ‘नेमक्या कोणत्या बोटांना?’ त्यांचं उत्तर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. निदानाची सुरुवात तिथूनच होते.