बटण दाबल्यावर सुरू होणाऱ्या मोटारीतील अनियमित बिघाड : निदानाची तर्कपद्धती

सारांश

बटण दाबून सुरू होणारी मोटार दहापैकी नऊ वेळा सुरळीत सुरू होते आणि दहाव्या वेळी मात्र निश्चल राहते, अशा बिघाडाचे निदान हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. होंडा एस २००० ही स्पोर्ट्‌स कार उदाहरणादाखल घेऊन सुरू होण्याची विद्युतयंत्रणा, बिघाडाची ठिकाणे, मापनाची पद्धत आणि दुरुस्तीच्या यशाची पडताळणी यांचा विचार येथे केला आहे. सुटा भाग बदलल्यानंतर बिघाड दिसेनासा झाला, एवढ्यावरून तो भाग सदोष होता असे सिद्ध होत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

बीजसंज्ञा : अनियमित बिघाड, स्टार्टर मोटर, सोलेनॉइड, दाबघट, अन्वय-व्यतिरेक, काकतालीय न्याय.

प्रस्तावना

यंत्रातील कायमस्वरूपी बिघाड शोधणे तुलनेने सोपे असते. तो तपासणीच्या वेळी समोर असतो, त्याचे मापन करता येते आणि दुरुस्तीनंतर तो गेला की नाही हेही लगेच कळते. अनियमित बिघाडाचे तसे नाही. मालक गाडी घेऊन कार्यशाळेत पोहोचतो तेव्हा ती पहिल्याच प्रयत्नात सुरू होते. कारागिरासमोर प्रत्यक्ष प्रमाण नसते. केवळ मालकाचे शब्द असतात. मालकाला वाटते, कारागिराचा आपल्यावर विश्वास नाही. कारागिराला वाटते, मालक अतिशयोक्ती करतो आहे. या कोंडीतून सुटण्यासाठी बहुधा बॅटरी बदलली जाते, पुढच्या खेपेस रिले, त्यानंतर स्टार्टर मोटर. खर्च वाढत जातो, चांगले भाग भंगारात जातात आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. ज्या मोटारींचे उत्पादन थांबलेले आहे त्यांच्या बाबतीत ही हानी अधिक गंभीर ठरते, कारण एकदा टाकून दिलेला मूळ भाग पुन्हा मिळेलच याची शाश्वती नसते.

हँडलपासून बटणापर्यंत

प्रारंभीच्या मोटारी पुढील बाजूस हँडल फिरवून सुरू कराव्या लागत. इंजिनाने उलटा झटका दिल्यास हाताला गंभीर दुखापत होई. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत बसवण्यात आला आणि हे कष्ट संपण्यास सुरुवात झाली. इंग्रजीत त्यास मिळालेल्या ‘सेल्फ स्टार्टर’ या नावातील पूर्वपद मराठी बोलीत आजही टिकून आहे. ‘गाडी सेल्फ घेत नाही’ ही तक्रार कोणत्याही गॅरेजमध्ये ऐकू येते. पुढे बराच काळ स्टार्टरसाठी स्वतंत्र बटण किंवा पायाने दाबण्याची कळ असे. क्रायस्लर कंपनीने 1949 मध्ये किल्ली फिरवूनच इंजिन सुरू करण्याची सोय आणली आणि हळूहळू तीच रीत रूढ झाली.

होंडा कंपनीच्या पन्नाशीच्या निमित्ताने 1999 मध्ये बाजारात आलेल्या एस २००० या दोन आसनी, उघड्या टपाच्या गाडीत बटण पुन्हा अवतरले. तिचे प्रारंभीचे दोन लिटरचे इंजिन मिनिटाला 9000 फेऱ्यांपर्यंत जाई. शर्यतीच्या गाडीची आठवण करून देणारे लाल बटण हा तिच्या आकर्षणाचा एक भाग होता. तिचे उत्पादन 2009 मध्ये थांबले. या गाडीत किल्ली आणि बटण दोन्ही आहेत. किल्ली घालून फिरवल्यावर विद्युतपुरवठा चालू होतो आणि त्यानंतर बटण दाबल्यावर स्टार्टर फिरतो. त्यामुळे यंत्रणेच्या पायऱ्या स्पष्टपणे वेगळ्या दिसतात आणि अभ्यासासाठी हे उदाहरण सोयीचे ठरते.

दोन मंडले : आज्ञेचे आणि शक्तीचे

स्टार्टरच्या यंत्रणेत दोन विद्युतमंडले असतात. पहिले आज्ञेचे मंडल. त्यातून तुलनेने अल्प प्रवाह वाहतो. किल्लीचा स्विच, बटण, रिले आणि क्लचच्या पेडलजवळील सुरक्षा स्विच यांतून हा प्रवाह सोलेनॉइडच्या वेटोळ्यापर्यंत पोहोचतो. क्लच पूर्ण दाबल्याखेरीज स्टार्टर फिरू नये, यासाठी हा सुरक्षा स्विच अमेरिकेसारख्या बाजारांत विकल्या गेलेल्या गाड्यांत असतो. दुसरे शक्तीचे मंडल. बॅटरीपासून जाड केबलने सोलेनॉइडच्या तांब्याच्या संपर्कांपर्यंत, तेथून मोटरमध्ये आणि इंजिन व सांगाडा यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीतून पुन्हा बॅटरीकडे असा त्याचा मार्ग होय. इंजिन फिरवताना यातून शंभर ते दोनशे अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह वाहतो.

सोलेनॉइड हा या दोन मंडलांमधील दुवा आहे. आज्ञा मिळताच त्यातील दट्ट्या ओढला जातो, स्टार्टरचे दंतचक्र इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये अडकते आणि त्याच हालचालीत जाड संपर्क जुळून मोटरला शक्ती मिळते. बटण दाबल्यावर ऐकू येणारा ‘खट्‌’ आवाज या हालचालीचा असतो. म्हणून आवाज हेच निदानाचे पहिले साधन होय. आवाजच नसेल तर संशय प्रथम आज्ञेच्या मंडलावर जातो. एकच ठसठशीत ‘खट्‌’ होऊन शांतता पसरली, तर सोलेनॉइडचे झिजलेले संपर्क, मोटरचे कार्बन ब्रश किंवा जाड केबलचे सांधे यांचा विचार करावा लागतो. ‘खट्‌-खट्‌-खट्‌’ असा जलद आवाज बहुधा बॅटरी उतरल्याचे किंवा तिच्या टर्मिनलचा सांधा सैल असल्याचे दर्शवतो. इंजिन फिरते पण पेट घेत नाही, असे असेल तर स्टार्टर निर्दोष आहे. तेथे इंधनपंपाला वीज देणारा मुख्य रिले किंवा किल्लीतील चिप ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा तपासावी लागते. चिप ओळखली गेली नाही तर होंडाच्या अशा गाड्यांत किल्लीचे चिन्ह असलेला दिवा उघडझाप करतो. तो दिवा पाहण्याची सवय मालकाला असेल, तर शोधाचे क्षेत्र क्षणात आक्रसते.

बिघाड अनियमित का होतो?

एखादा भाग कधी काम करतो आणि कधी करत नाही, याचा अर्थ तो लहरी आहे असा नव्हे. तो आपल्या कार्यक्षमतेच्या सीमारेषेवर उभा असतो आणि परिस्थितीतील लहानसा बदल त्याला रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे ढकलतो.

उष्णता हे याचे उत्तम उदाहरण आहे. तांब्याचा विद्युतरोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो. इंजिन बंद केल्यानंतर त्याची उष्णता सोलेनॉइडमध्ये झिरपून वेटोळ्याचे तापमान 50 अंशांनी वाढले, तर रोध सुमारे 20 टक्क्यांनी वाढतो आणि तेवढ्याच दाबाखाली प्रवाह जवळपास एकषष्ठांशाने घटतो. आज्ञेच्या मार्गातील जुन्या संपर्कांनी आधीच थोडा दाब खाल्लेला असेल, तर दट्ट्या ओढला न जाण्यास ही घट पुरेशी ठरते. अर्ध्या तासाने गाडी थंड होते आणि तक्रार नाहीशी होते. कारागीर पोहोचतो तो नेमका तेव्हाच.

शक्तीच्या मंडलात सूक्ष्म रोधही मोठा परिणाम घडवतो. बॅटरीच्या टर्मिनलवरील गंजामुळे केवळ एकशतांश ओहम इतका रोध निर्माण झाला, तर 150 अँपिअर प्रवाहाला तेथे दीड व्होल्टची घट होते. स्टार्टर बंद असताना हीच बॅटरी मीटरवर 12.6 व्होल्ट दाखवते आणि निर्दोष ठरते. प्रवाह वाहत नसताना घेतलेले मापन अशा दोषाविषयी काहीच सांगत नाही, ही बाब वारंवार दुर्लक्षिली जाते.

यांत्रिक कारणेही असतात. सोलेनॉइडमधील संपर्क सर्वत्र सारखे झिजत नाहीत. दट्ट्यावरील चकती जरा फिरून झिजलेल्या जागी टेकली की मोटरला शक्ती मिळत नाही. क्लचचा सुरक्षा स्विच पेडल तळाशी गेल्यावरच जुळतो. जाडजूड पायपुसणी पेडलखाली सरकली किंवा पेडलवरील रबरी टेकण जुने होऊन तुटले, तरी गाडी मुकी होते. अशा वेळी क्लच अधिक जोराने दाबून पाहणे ही विनाखर्चाची, पण बरेच काही सांगणारी चाचणी आहे.

मापन : बिघाडाच्या क्षणी

अनियमित बिघाडाचा पुरावा त्या क्षणापुरताच उपलब्ध असतो. म्हणून बिघाडाची वाट पाहणारे साधन गाडीतच ठेवणे इष्ट होय. सोलेनॉइडच्या आज्ञा-टर्मिनलला समांतर जोडलेली, फ्यूजने संरक्षित अशी एक बारीक तार आत आणून तिला लहान दिवा जोडावा. बटण दाबूनही स्टार्टर फिरला नाही, त्या वेळी दिवा पूर्ण तेजाने लागला तर आज्ञा पोहोचलेली आहे. दोष सोलेनॉइड, मोटर किंवा जाड केबल यांत आहे. दिवा लागलाच नाही तर दोष बटण, रिले, क्लच स्विच किंवा त्यांना जोडणाऱ्या तारांत आहे. दिवा मंद लागला तर मार्गात कोठेतरी दाब खाल्ला जात आहे. एकाच निरीक्षणाने संशयितांची संख्या निम्म्यावर येते. उरलेल्या अर्ध्या भागाचे पुन्हा दोन भाग करत जावे.

शक्तीच्या मंडलासाठी दाबघटीची चाचणी करावी. गिअर न्यूट्रल आणि हातब्रेक ओढलेला असताना, स्टार्टर फिरत असतानाच, मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि दुसरे स्टार्टरच्या जाड टर्मिनलवर ठेवावे. साधारणतः येथे अर्ध्या व्होल्टहून अधिक घट नसावी. बॅटरीचे ऋण टर्मिनल आणि स्टार्टरचे कवच यांच्यातील घट 0.2 व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असावी. फिरवताना बॅटरीचा स्वतःचा दाब 9.6 व्होल्टखाली घसरत असेल, तर आधी बॅटरीचा निर्णय लावावा.

यास मालकाच्या नोंदीची जोड हवी. दिवस, इंजिन थंड की गरम, आवाज कोणता, दिव्यांचा प्रकाश मंदावला की नाही, कितव्या प्रयत्नात गाडी सुरू झाली, एवढे पाच रकाने पुरेत. ‘कधी कधी सुरू होत नाही’ या विधानाला निदानमूल्य नाही. ‘सातही वेळा इंजिन गरम होते आणि आवाज आला नाही’ या विधानाला आहे. नोंदवहीमुळे मालकाचे शब्दप्रमाण तपासता येण्याजोगे होते.

काकतालीय न्याय आणि अन्वय-व्यतिरेक

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. त्यावरून कावळ्याच्या भाराने फांदी मोडली असे मानणे हा काकतालीय न्यायाचा दोष होय. मोटारदुरुस्तीत तो हमखास आढळतो. स्टार्टर बदलण्यापूर्वी बॅटरीची केबल सोडवावी लागते आणि काम संपल्यावर ती पुन्हा घट्ट बसवली जाते. खरा दोष टर्मिनलच्या सैल सांध्यात असेल, तर तो या खटाटोपात आपोआप तात्पुरता दूर होतो. गाडी सुरू होऊ लागते, श्रेय नव्या स्टार्टरला मिळते, निर्दोष जुना स्टार्टर भंगारात जातो आणि काही आठवड्यांनी बिघाड परत येतो. स्टार्टरवर हातोडीच्या दांड्याने हलका टोला मारल्यावर गाडी सुरू झाली तरीही तीच सावधगिरी हवी. त्या टोल्याने झिजलेला संपर्क हलला असेल, तसाच शेजारचा सैल जोडही हलला असेल.

भारतीय तर्कपरंपरेतील अन्वय-व्यतिरेकाची कसोटी येथे उपयोगी पडते. कारण असताना कार्य असणे हा अन्वय. कारण नसताना कार्य नसणे हा व्यतिरेक. रिलेवर संशय असेल तर तो काढून त्याच जातीचा दुसरा रिले बसवावा आणि बिघाड थांबल्यास जुना रिले पुन्हा बसवून पाहावा. बिघाड परतला तरच आरोप सिद्ध झाला असे म्हणता येईल. एका वेळी एकच बदल करावा, हा नियम याच कसोटीतून निघतो.

दुरुस्ती झाली हे केव्हा मानावे?

येथे संभाव्यतेचे साधे गणित मार्गदर्शक ठरते. बिघाड सरासरीने दहा वेळांत एकदा होत असेल आणि प्रत्यक्षात काहीच दुरुस्त झालेले नसेल, तरी सलग 10 वेळा गाडी सुरळीत सुरू होण्याची शक्यता सुमारे 35 टक्के असते. सलग 20 वेळांसाठी ती सुमारे 12 टक्के आणि 30 वेळांसाठी सुमारे 4 टक्के होते. म्हणजेच जितक्या वेळांत एकदा बिघाड होत होता, त्याच्या किमान तिप्पट वेळा गाडी निर्वेध सुरू झाल्याखेरीज दुरुस्तीवर विश्वास ठेवू नये. शिवाय हे प्रयत्न ज्या परिस्थितीत बिघाड होत असे त्याच परिस्थितीत झाले पाहिजेत. गरम इंजिनाचा दोष पहाटेच्या तीस प्रयत्नांनी तपासला जात नाही.

नव्या मोटारींचा संदर्भ

किल्ली खिशातच ठेवून सुरू होणाऱ्या अलीकडच्या गाड्यांत बटण थेट प्रवाह पाठवत नाही. ते संगणकाकडे केवळ विनंती करते. किल्ली जवळ आहे, ब्रेक किंवा क्लच दाबलेला आहे, स्टिअरिंगचे कुलूप उघडले आहे, या अटींची पूर्तता झाली तरच आज्ञा पुढे जाते. त्यामुळे किल्लीतील तीन व्होल्टचा क्षीण झालेला सेल किंवा ब्रेकच्या दिव्याचा झिजलेला स्विचही गाडी अडवू शकतो. किल्ली बटणालगत धरल्यावर गाडी सुरू झाली, तर संशय प्रथम त्या सेलकडे वळवावा. अटींची संख्या वाढली तरी पद्धत बदलत नाही : साखळी कोठे तुटते हे अर्ध्या-अर्ध्या विभागणीने आणि बिघाडाच्या क्षणीच शोधावे लागते.

समारोप

अनियमित बिघाड दिसेनासा होणे आणि दुरुस्त होणे या दोन भिन्न घटना आहेत. त्यांतील भेद मापन, नोंद आणि पुरेशी प्रतीक्षा यांनीच कळतो. ‘अजून निश्चित सांगता येत नाही, ही नोंदवही पंधरा दिवस भरा’ असे म्हणणारा कारागीर अज्ञानी नसून तो मालकाचे पैसे आणि एक निर्दोष भाग वाचवत असतो. दिवा, मल्टिमीटर आणि वही ही साधने स्वल्पमोल आहेत. महाग असतो तो पुराव्याआधी काढलेला निष्कर्ष.