छायाचित्र, संशोधन आणि संमती

समाजमाध्यमावर ठेवलेले छायाचित्र सर्वांना दिसते. परंतु तेवढ्यामुळे ते संशोधनास मोकळे ठरत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी डेटिंग संकेतस्थळावरील ३५,३२६ छायाचित्रे, संबंधितांना न विचारता, संगणकाद्वारे तपासली. चेहऱ्यावरून समलिंगी व्यक्ती ओळखता येते, असा निष्कर्ष त्यांनी २०१७ मध्ये मांडला. संगणकाने प्रत्यक्षात चष्मा, दाढी, प्रसाधन व कॅमेऱ्याचा कोन यांतील फरकच टिपला असावा, असे इतर अभ्यासकांनी पुढे दाखविले. २०१७ मध्ये भारतासह अनेक देशांत समलिंगी संबंध हा गुन्हा होता. निष्कर्ष खरा असो वा खोटा, त्याचा भुर्दंड ज्याचे छायाचित्र त्यालाच पडला असता. यास्तव विद्यार्थ्यांची वा ग्रामस्थांची छायाचित्रे अभ्यासासाठी मागितली गेल्यास हेतू व पद्धत विचारावी, संमती घ्यावी आणि मगच ती द्यावीत.